वजन पुनर्वाढीनंतरची आहारयोजना

वजन पुनर्वाढीनंतरची आहारयोजना म्हणजे प्रयत्नपूर्वक कमी केलेले वजन पूर्णतः किंवा अंशतः परत वाढल्यानंतर ते पुन्हा उतरवण्यासाठी निवडलेली खाण्यापिण्याची पद्धत. आजारपण, दुखापत, बाळंतपण, कामाच्या पाळीतील बदल, घरातील दुःखद प्रसंग किंवा सणासुदी व लग्नसराई यांची लागून आलेली मालिका अशा कारणांनी आहाराचा नेम मोडतो आणि काही महिन्यांत वजन पूर्वपदावर येते. वजन कमी केलेल्या बहुतेकांना थोड्याफार प्रमाणात हा अनुभव येतो. पुनरारंभाची निवड पहिल्या निवडीपेक्षा दोन बाबतींत वेगळी असते. एक म्हणजे, वजन घटू लागताच शरीर ऊर्जेचा खर्च कमी करते आणि भूक वाढवते, हे आता अनुभवाने ठाऊक झालेले असते. दुसरे म्हणजे, आधीची योजना कोठे व कशामुळे मोडली, याची माहिती हाताशी असते. या माहितीचा उपयोग मात्र क्वचितच केला जातो. बहुतेक लोक गेल्या वेळी ज्या योजनेने वजन सर्वांत वेगाने उतरले, तीच अधिक कडकपणे पुन्हा हाती घेतात.

घसरण आणि पुनर्वाढ

एखाद्या दिवशीचे किंवा आठवड्याचे नियमभंगाचे खाणे आणि प्रत्यक्ष पुनर्वाढ यांत फरक करणे आवश्यक आहे. शरीरात एक किलो चरबी साठण्यासाठी खर्चापेक्षा सुमारे ७७०० किलोकॅलरी अधिक खाव्या लागतात. दिवाळीच्या दोन दिवसांत काटा दोन किलोने वर गेला, तर ती चरबी असण्यासाठी गरजेपेक्षा १५ हजारांहून अधिक किलोकॅलरी पोटात जायला हव्यात. चकल्या-करंज्यांचे डबे कितीही मोठे असले तरी हे घडत नाही. ही वाढ मुख्यतः पाण्याची असते. यकृत व स्नायू यांत कर्बोदके ग्लायकोजनच्या रूपाने साठतात आणि प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजनबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरले जाते. फराळातील मिठामुळे त्यात भर पडते. नेहमीचे जेवण सुरू झाल्यावर ही वाढ काही दिवसांत ओसरते आणि तिच्यासाठी वेगळ्या योजनेची गरज नसते.

हाच हिशेब उलट दिशेनेही लागू पडतो. कडक योजनेच्या पहिल्या आठवड्यात झरझर उतरणारे दोन-तीन किलो बहुतांशी पाणीच असते. कर्बोदके बंद करणाऱ्या योजना सुरुवातीला चमत्कारिक प्रभावी वाटतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात निराशा करतात, याचे हे एक कारण आहे.

वजन तीन-चार आठवडे सातत्याने वाढत असेल, तर तिला पुनर्वाढ म्हणता येते.

शरीराचा प्रतिकार

वजन परत येणे हा इच्छाशक्तीचा दोष आहे, असा समज समाजात खोलवर रुजलेला आहे. गेल्या पाऊणशे वर्षांतील संशोधन या समजाला पाठिंबा देत नाही.

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या काळात अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांवर उपासमारीचा प्रयोग केला. हे तरुण युद्धात शस्त्र धरण्यास नैतिक कारणाने नकार दिलेले स्वयंसेवक होते. २४ आठवडे त्यांचा आहार नेहमीच्या साधारण निम्म्यावर, म्हणजे रोज सुमारे १६०० किलोकॅलरींवर आणला गेला आणि त्यांना भरपूर चालवले गेले. त्यांचे वजन जवळजवळ एक चतुर्थांशाने घटले. त्यांच्या वागण्यातील बदल अधिक लक्षणीय होते. त्यांना सतत थंडी वाजे, मन उदास होई, अन्नाखेरीज दुसरा विचार सुचत नसे. काहींनी पाककृतींची पुस्तके जमवण्याचा छंद घेतला. पूर्ण आहार सुरू झाल्यावरही अनेकांची भूक दीर्घकाळ शमली नाही आणि शरीरातील चरबी पूर्वीपेक्षा वाढली. मूळचे सडपातळ व शिस्तबद्ध तरुण असे वागले, ही बाब विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. आज बाजारात मिळणाऱ्या अनेक आहारतक्त्यांत याहूनही कमी उष्मांक लिहिलेले असतात.

१९९५ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातील रूडॉल्फ लिबेल व सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की शरीराचे वजन १० टक्क्यांनी घटवून तेथेच राखले असता, लहान झालेल्या शरीराला जितकी ऊर्जा लागावी असे गणित सांगते, त्याहूनही कमी ऊर्जा ते खर्च करते. ऑस्ट्रेलियातील २०११ च्या एका अभ्यासात ५० व्यक्तींना दहा आठवडे अत्यल्प उष्मांकांचा आहार दिला गेला. तृप्ती देणाऱ्या लेप्टिन या संप्रेरकाची पातळी घटली, भूक जागवणाऱ्या घ्रेलिनची वाढली आणि एक वर्षानंतरही ही पातळी पूर्ववत झाली नाही. अमेरिकेतील वजन घटवण्याच्या एका दूरचित्रवाणी स्पर्धेतील १४ स्पर्धकांची सहा वर्षांनी तपासणी झाली, तेव्हा त्यांनी घटवलेल्या सरासरी ५८ किलोंपैकी सुमारे ४१ किलो परत आले होते. तरीही विश्रांतीच्या अवस्थेतील त्यांचा ऊर्जाखर्च अपेक्षेपेक्षा रोज सुमारे ५०० किलोकॅलरींनी कमी आढळला. स्पर्धेतील घट अतिशय वेगवान होती. त्यामुळे हा आकडा सर्वसामान्य व्यक्तीला जसाच्या तसा लावता येत नाही, पण दिशा तीच आहे.

या प्रतिकाराचा एक व्यावहारिक परिणाम असा, की रोज ५०० किलोकॅलरी कमी खाल्ल्यास दर आठवड्याला अर्धा किलो घटत राहील, हे लोकप्रिय गणित फार काळ टिकत नाही. केव्हिन हॉल यांच्या गणिती प्रारूपानुसार, आहारातील कायमस्वरूपी बदलामुळे होणाऱ्या एकूण घटीपैकी साधारण निम्मी घट पहिल्या वर्षात आणि जवळजवळ सर्व घट तीन वर्षांत होते. काही महिन्यांनी घट मंदावत जाते ती यामुळे. नेमक्या याच टप्प्यावर अनेक जण योजना निष्फळ ठरली असे मानून ती सोडतात.

नियमभंगाचे मानसशास्त्र

शरीराखेरीज मनाचाही यात वाटा असतो. १९७५ मध्ये पीटर हर्मन व डेबोरा मॅक यांनी विद्यार्थिनींना आधी मिल्कशेक देऊन नंतर आइस्क्रीमची चव पाहायला सांगितली. एरवी आहारावर कडक बंधन ठेवणाऱ्या मुलींनी मिल्कशेक घेतल्यावर आइस्क्रीम कमी न खाता उलट अधिक खाल्ले. एकदा नेम मोडला, आता आजच्या दिवसापुरता तो गेलाच, अशी ही मनोवृत्ती होय. व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात ॲलन मार्लाट यांनी याच स्वरूपाच्या प्रक्रियेचे वर्णन केले. त्यांच्या मांडणीनुसार, एकदा पाऊल घसरण्यापेक्षा त्या घसरणीचा व्यक्ती जो अर्थ लावते, तो पूर्ण पतनाला अधिक कारणीभूत ठरतो. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही मराठी म्हण बंधन आणि अतिरेक यांचे हेच नाते सांगते. तिला उपवासाच्या पदार्थांचाही आधार आहे: साबुदाणा हा जवळजवळ निव्वळ स्टार्च असून त्यात प्रथिने नगण्य असतात आणि खिचडीतील दाण्याचे कूट व तूप यांमुळे उष्मांक नेहमीच्या जेवणाइतके किंवा अधिक होतात.

यावरून असे दिसते, की ज्या योजनेत नियमभंगाला जागाच ठेवलेली नाही, ती पहिल्याच भंगाला मोडण्याचा संभव अधिक असतो.

योजनांची तुलना

कोणती आहारपद्धती श्रेष्ठ, यावर पुष्कळ वाद झाले आहेत. त्यांची तुलना करणाऱ्या दीर्घकालीन चाचण्यांचे निष्कर्ष मात्र बरेचसे एकसारखे आहेत. २००५ मध्ये बॉस्टन येथे १६० व्यक्तींना चार प्रसिद्ध योजनांपैकी एक चिठ्ठी टाकावी तशी यदृच्छेने देण्यात आली. वर्षाअखेर चारही गटांतील सरासरी घट दोन ते साडेतीन किलोंच्या दरम्यान होती. कोणती योजना मिळाली यापेक्षा ती किती पाळली गेली, याच्याशी घटीचा संबंध अधिक होता. स्टॅनफर्ड विद्यापीठातील ख्रिस्तोफर गार्डनर यांच्या २०१८ च्या चाचणीत ६०९ व्यक्तींपैकी काहींना कमी स्निग्धांशाचा, तर काहींना कमी कर्बोदकांचा आहार देण्यात आला. बारा महिन्यांनी सरासरी घट अनुक्रमे ५.३ व ६ किलो होती, म्हणजे फरक नाममात्र. दोन्ही गटांत काही व्यक्तींचे वजन पुष्कळ घटले, तर काहींचे उलट वाढले. जनुकांवरून किंवा इन्सुलिनच्या स्रावावरून कोणाला कोणता आहार मानवेल, हेही आधी सांगता आले नाही. दिवसातील आठ तासांतच जेवण्याच्या पद्धतीची चीनमधील ग्वांगझौ येथे २०२२ मध्ये वर्षभराची चाचणी झाली. उष्मांक सारखेच ठेवले असता केवळ वेळेच्या बंधनाने लक्षणीय अधिक लाभ झाला नाही.

महाराष्ट्रात २०१८ च्या सुमारास या वादाला सार्वजनिक स्वरूप आले. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांवर आधारित, दिवसातून दोनदाच व प्रत्येक वेळी ५५ मिनिटांच्या आत जेवण्याची पद्धत डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी प्रसारित केली. दुसऱ्या बाजूला आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर दर दोन तासांनी थोडे, स्थानिक व घरगुती खाण्याचा पुरस्कार करीत होत्या. घरोघरी आणि कार्यालयांत जणू दोन पक्ष पडले. दोन्ही पद्धतींनी लाभ झालेल्या व्यक्ती भेटतात आणि दोन्ही सोडून दिलेल्याही. वरील चाचण्यांच्या उजेडात यात विसंगती नाही: खाण्याच्या वेळा कमी केल्याने एखाद्याचा अवांतर चहा-बिस्किटांचा भाग आपोआप गळतो, तर दुसऱ्याला लांबलेल्या उपाशीपणानंतर ताटावर ताबा राहत नाही.

वजन घटल्यानंतर ते टिकवण्याच्या टप्प्यावर मात्र एका बाबतीत किंचित फरक आढळला आहे. आठ युरोपीय देशांतील 'डायोजेनेस' या चाचणीत (२०१०), आधी सरासरी ११ किलो घटवलेल्या ७७३ प्रौढांना पाच प्रकारचे आहार देण्यात आले. अधिक प्रथिने आणि रक्तशर्करा सावकाश वाढवणारी कर्बोदके असलेल्या गटात २६ आठवड्यांत वजन परत येण्याचे प्रमाण सर्वांत कमी राहिले.

निवडीचे निकष

पुनरारंभाची योजना निवडताना पहिला प्रश्न योजनेविषयीचा नसून मागील अपयशाविषयीचा असतो. योजना भुकेने मोडली, की कंटाळ्याने, की वेळेच्या अभावाने, की घरच्या माणसांच्या जेवणाशी ती जुळत नव्हती म्हणून? प्रत्येक कारणाला उत्तर वेगळे आहे. भूक अनावर झाली असल्यास प्रथिने व तंतुमय पदार्थ वाढवणारी, पोट भरणारी आणि घट सावकाश करणारी योजना योग्य ठरते. एकसुरीपणाने मोडली असल्यास पदार्थांची विविधता हवी. रात्रपाळीची परिचारिका किंवा एसटीचा चालक यांच्यासाठी घड्याळावर आधारलेली कोणतीही पद्धत मुळातच दुबळी ठरते. त्यांच्या बाबतीत वेळेऐवजी प्रमाण ठरवणे सोयीचे असते. दुखापतीमुळे चालणे थांबले व वजन वाढले, अशा प्रसंगी आहार बदलण्यापेक्षा आधी गमावलेल्या हालचालीचा पर्याय शोधावा लागतो.

घरात स्वयंपाक करणाऱ्या स्त्रीची अडचण आहारतक्त्यांत सहसा दिसत नाही. सर्वांसाठी एक आणि स्वतःसाठी दुसरा असा दुहेरी स्वयंपाक काही आठवड्यांतच थकवतो. चव पाहणे, मुलांच्या ताटातील उष्टे संपवणे, उरलेले अन्न टाकवत नाही म्हणून खाणे, हा भाग कोणत्याही नोंदीत येत नाही. अशा घरात टिकणारी योजना ही बहुधा सर्व कुटुंबाच्या जेवणातील छोटा बदल असते. उदाहरणार्थ, चार माणसांच्या घरात महिन्याला चार लिटर तेल लागत असेल, तर प्रत्येकाच्या वाट्याला रोज सुमारे ३० ग्रॅम, म्हणजे २७० किलोकॅलरी येतात. फोडणीचे तेल मोजून घालून हे प्रमाण एक तृतीयांशाने खाली आणले, तर कोणाच्याही ताटातील एकही पदार्थ न वगळता माणशी रोज ९० किलोकॅलरी कमी होतात. दिवसाकाठी तीन कप चहातील प्रत्येकी दोन चमचे साखर सुमारे १२० किलोकॅलरींची असते.

मराठी शाकाहारी जेवणाची मुख्य उणीव प्रथिनांची आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढाला रोज दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. वजन घटवताना स्नायूंची हानी टाळण्यासाठी आहारतज्ज्ञ सहसा याहून काहीसे अधिक प्रमाण सुचवतात. एक वाटी पातळ वरणातून जेमतेम पाच-सहा ग्रॅम प्रथिने मिळतात. पोळी-भाजी-वरण-भात या ताटात पोळी व भात कमी केला आणि त्या जागी दुसरे काहीच आले नाही, तर माणूस चार वाजता फरसाणाच्या डब्याकडे वळतो. घट्ट वरण, मटकी किंवा चवळीची उसळ, पिठले, ताक, दही, पनीर, अंडी, कोकणात मासे, यांतील काहीतरी प्रत्येक जेवणात असणे हे पोळ्यांची संख्या मोजण्याइतकेच महत्त्वाचे आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत प्रौढाने रोज ४०० ग्रॅम भाज्या व १०० ग्रॅम फळे खावीत असे म्हटले आहे. पानात लोणच्यासारखी वाढलेली भाजी या प्रमाणाच्या जवळपासही जात नाही.

आणखी एक कसोटी योजनेच्या सर्वांत वाईट दिवसाची आहे. लग्नाच्या पंगतीत, प्रवासात, तापाने आजारी असताना किंवा रुग्णालयात कोणाच्या उशाशी बसलेले असताना या योजनेचे काय होईल, याचे उत्तर आधीच ठरलेले असावे. ते 'त्या दिवशी दुसऱ्या वाढपाला नाही म्हणावे आणि पुढच्या जेवणापासून नेहमीप्रमाणे' इतके साधे असू शकते. ज्या योजनेत अशा दिवसाचे उत्तर 'दुसऱ्या दिवशी कडकडीत उपास' असे असते, ती हर्मन यांच्या प्रयोगातील चक्राला आमंत्रण देते.

पुनरारंभाची वेळ

किती वाढ झाल्यावर पुन्हा सुरुवात करावी, याविषयी अमेरिकेतील रीना विंग यांच्या 'स्टॉप रिगेन' चाचणीने (२००६) एक सोपी पद्धत तपासली. वजनाच्या किमान १० टक्के घट केलेल्या ३१४ व्यक्तींपैकी मार्गदर्शन मिळालेल्या गटांतील व्यक्तींना वाहतूक-दिव्यांप्रमाणे हिरवा, पिवळा व लाल असे तीन पट्टे दिले गेले. सुरुवातीच्या वजनापेक्षा सुमारे १.४ किलोपर्यंतची वाढ हिरव्यात, त्याहून अधिक वाढ पिवळ्यात आणि २.३ किलो किंवा अधिक वाढ लाल पट्ट्यात गणली गेली. लाल पट्ट्यात गेल्यावर वजन घटवण्याची मूळ पद्धत पुन्हा सुरू करायची असे. दीड वर्षानंतर केवळ माहितीपत्रके मिळालेल्यांपैकी ७२ टक्के, तर प्रत्यक्ष भेटींतून मार्गदर्शन मिळालेल्यांपैकी ४६ टक्के व्यक्तींचे वजन २.३ किलो किंवा अधिक वाढले होते. या दुसऱ्या गटात रोज वजन करणाऱ्यांची स्थिती अधिक चांगली होती. ज्यांना रोजच्या काट्याने चिंता जडते, त्यांना आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी सकाळी वजन करणे पुरते.

ब्रिटनमधील मधुमेहविषयक 'डायरेक्ट' चाचणीतही पुनर्वाढ गृहीत धरलेली होती आणि ती झाल्यास काही आठवड्यांपुरत्या आहाराची तजवीज योजनेतच केलेली होती. पीछेहाट हा योजनेचा अंत न मानता तिचा एक अपेक्षित टप्पा मानण्याची ही पद्धत भारतीय आहारसल्ल्यात अद्याप फारशी रुळलेली नाही.

वैद्यकीय दक्षता

भारतीयांसाठी बीएमआय २३ पासून वजन अधिक व २५ पासून स्थूलता मानली जाते; कमरेचा घेर पुरुषांत ९० सेंमी व स्त्रियांत ८० सेंमी यांपेक्षा अधिक असल्यास धोका वाढतो. या मर्यादांच्या आत असलेल्या व्यक्तीला पुन्हा वजन घटवण्याची वैद्यकीय गरज बहुधा नसते.

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी औषधे घेणाऱ्या मधुमेहींनी जेवणे एकाएकी कमी केल्यास रक्तशर्करा धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. डापाग्लिफ्लोझिनच्या वर्गातील औषधे चालू असताना कर्बोदके जवळजवळ बंद केल्यास रक्तातील आम्लता वाढण्याचा गंभीर धोका असतो. अशा व्यक्तींच्या औषधांची मात्रा डॉक्टरांनी आधी बदलावी लागते; योजना त्यानंतर सुरू होते. मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रथिने वाढवण्यापूर्वी सल्ला आवश्यक आहे. अतिवेगाने वजन घटवल्यास पित्ताशयात खडे होऊ शकतात. गर्भवती व स्तनदा माता तसेच वाढीच्या वयातील मुले यांनी वजन घटवण्याचे आहार स्वतःहून घेऊ नयेत. वजन कारणाशिवाय वाढल्यास अवटू ग्रंथीची तपासणी करतात आणि स्टेरॉइड किंवा काही मानसोपचारांची औषधे यांचा परिणाम पडताळतात. लपून भराभर खाणे व त्यानंतर मुद्दाम उलटी करणे किंवा कडक उपास करणे हे आहारविकाराचे लक्षण असून त्यावर नवी आहारयोजना हा उपाय नाही. तेथे मानसोपचारतज्ज्ञाची गरज असते.

सेमाग्लुटाइडसारखी भूक कमी करणारी इंजेक्शने भारतातही उपलब्ध झाली आहेत. ती बंद केल्यावर पुनर्वाढीचा प्रश्न तसाच उभा राहतो: एका मोठ्या चाचणीच्या पुढील टप्प्यात, औषध थांबवल्यानंतर वर्षभरात घटलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश वजन परत आले. त्यामुळे ही औषधे किती काळ घ्यायची आणि ती थांबवताना आहार कसा असावा, हे ती सुरू करण्यापूर्वीच डॉक्टरांशी बोलून ठरवावे लागते.